कोरियन वैद्यकातला केस रिपोर्ट प्रबंधात घेताना: शोधापासून शेवटच्या वाक्यापर्यंत

आयुर्वेदाच्या एम. डी.च्या विद्यार्थ्यांचे सिनॉप्सिस आणि प्रबंध मी वाचते. विषय अर्दित (चेहऱ्याचा लकवा) असो, गृध्रसी (सायटिका) असो की कष्टार्तव (पाळीच्या वेदना), पूर्वकार्याच्या प्रकरणात हल्ली कोरियातले दोन-तीन केस रिपोर्ट असतातच. ते जरूर असावेत. तिथल्या पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयांत रुग्ण दाखल होतात, रोजच्या रोज नोंदी होतात आणि त्या छापल्याही जातात. पण विद्यार्थी हे पेपर वाचतात ते उलट्या क्रमाने. आधी सारांशाचं शेवटचं वाक्य, मग शीर्षक, आणि तिथेच वाचन संपतं. मग प्रबंधात "अ‍ॅक्युपंक्चरने १४ दिवसांत अर्दित बरा होतो हे कोरियात सिद्ध झाले आहे" अशी वाक्यं येतात आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

माझ्या विद्यार्थ्यांकडून मी ज्या क्रमाने करून घेते, तोच इथे दिला आहे. पहिल्या केस रिपोर्टला दोन-अडीच तास लागतील. चार-पाच झाल्यावर पाऊण तासात काम होतं.

## तयारी: प्रश्न, तक्ता आणि शब्दांची वही

शोधाला बसण्याआधी प्रश्न एका ओळीत लिहून काढा. "कोरियन वैद्यकात अर्दितावर काय आहे" हा प्रश्न नव्हे. "बेल्स पाल्सीच्या (एका बाजूचा चेहरा अचानक लुळा पडण्याच्या आजाराच्या) पहिल्या तीन आठवड्यांत दाखल झालेल्या रुग्णांना कोणकोणते उपचार एकत्र दिले आणि सुधारणा कशाने मोजली" हा प्रश्न आहे. तो लिहिला नाही तर समोर येईल तो पेपर उपयोगाचा वाटतो.

मग एका कागदावर तक्ता आखा: रुग्णाचं वय आणि लिंग, निदान, आजार सुरू झाल्याची तारीख, उपचार सुरू झाल्याची तारीख, प्रत्येक उपचार वेगळ्या रकान्यात, आधुनिक औषधं, मोजमापाची पद्धत, आधीचा आणि नंतरचा आकडा, दुष्परिणाम, रुग्णाची संमती, निधी कोणाचा. आधुनिक औषधांचा रकाना मुद्दाम मोठा ठेवा. का ते पुढे येईल.

दोन तपासयाद्याही छापून जवळ ठेवा. केस रिपोर्टसाठी 'केअर' ही २०१३ची यादी, आणि अ‍ॅक्युपंक्चर असेल तर 'स्ट्रिक्टा'ची २०१०ची सुधारित यादी. या लेखकांसाठी केलेल्या आहेत, पण वाचणाऱ्यालाही तितक्याच कामाच्या, कारण पेपरात काय असायला हवं होतं आणि काय नाही हे त्यावरून लगेच कळतं.

## टप्पा १: शोध. एक नाव टाकून भागत नाही

बहुतेक विद्यार्थी फक्त पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या शोधसंग्रहात शोधतात. कोरियन वैद्यकातले पुष्कळसे केस रिपोर्ट तिथल्या विषयवार सोसायट्यांच्या नियतकालिकांत, कोरियन भाषेत छापले जातात. त्यासाठी ओएसिस हा शोधसंग्रह बघा. देजॉन शहरातली कोरिया इन्स्टिट्यूट ऑफ ओरिएंटल मेडिसिन ही सरकारी संशोधन संस्था तो चालवते. जोडीला केसीआय आणि आरआयएसएस हे तिथले सर्वसाधारण संग्रह आहेत.

'ओरिएंटल मेडिसिन', 'ट्रॅडिशनल कोरियन मेडिसिन' आणि 'कोरियन मेडिसिन' हे तिन्ही शब्द टाका. इंग्रजी नाव मधल्या काळात बदललं, त्यामुळे जुने पेपर पहिल्या नावाखाली सापडतात.

औषधी कल्पांच्या नावांत तर हमखास घोटाळा होतो. एकच कल्प कोरियात बोजुंगइक्की-तांग, चीनमध्ये बूझोंग यीची तांग आणि जपानमध्ये होचूएक्कितो या नावाने येतो. एका विद्यार्थ्याने ही तीन वेगळी औषधं समजून तीन परिच्छेद लिहिले होते. शोधताना तिन्ही नावं टाका आणि वहीत एका ओळीत मांडा.

सावधान. नाव एक, वनस्पती वेगळी, असंही असतं. कोरियात तांगग्वी म्हणून वापरतात ती अँजेलिका गिगास, चीनमधली अँजेलिका सायनेन्सिस आणि जपानमधली अँजेलिका अ‍ॅक्युटिलोबा. चिनी वनस्पतीवरचा प्रयोगशाळेतला अभ्यास कोरियन रुग्णाच्या सुधारणेला आधार म्हणून जोडू नका. पेपरात लॅटिन नाव नसेल तर तक्त्यात "लॅटिन नाव दिलेले नाही" एवढंच लिहा. आपल्याकडे रास्ना किंवा शंखपुष्पी म्हटल्यावर कोणती वनस्पती हा प्रश्न पडतो, तसाच हा आहे.

## टप्पा २: पेपर कोणत्या विभागाचा आणि कोणत्या जातीचा

कोरियन वैद्यकात तज्ज्ञांच्या आठ शाखा आहेत: अंतर्गत रोग, स्त्रीरोग, बालरोग, मनोविकार, अ‍ॅक्युपंक्चर आणि मॉक्सा (बिंदूवर वाळलेली वनस्पती जाळून दिलेला शेक), डोळे-कान-नाक-घसा-त्वचा, पुनर्वसन आणि सासांग, म्हणजे प्रकृतिभेदावर आधारलेली शाखा. पहिल्या पानावर लेखकांचा विभाग दिलेला असतो. तो आधी बघा, कारण एकाच पाठदुखीकडे पुनर्वसनवाले आणि सासांगवाले वेगळ्या नजरेने बघतात आणि नोंदीही वेगळ्या ठेवतात.

मग पेपरची जात ठरवा. एका रुग्णाचा केस रिपोर्ट, अनेक रुग्णांची मालिका, जुन्या केसपेपरांवरून मागे वळून केलेला अभ्यास आणि यादृच्छिक चाचणी (रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटून केलेली) या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक शोधा. कोरियाच्या क्रिस या नोंदवहीतले क्रमांक केसीटी या अक्षरांनी सुरू होतात. तिथे आधी जाहीर केलेलं मुख्य मोजमाप आणि पेपरातलं मुख्य मोजमाप एकच आहे का, हे जुळवून बघा.

तपासा. सासांगचे तेयांग, तेउम, सोयांग आणि सोउम हे चार प्रकार वात-पित्त-कफाला जोडण्याचा मोह फार होतो. जोडू नका. सासांगची मांडणी अवयवांच्या जोड्यांतल्या बलाबलावर उभी आहे. तेउम प्रकारात यकृत मोठं आणि फुप्फुस लहान, सोउममध्ये वृक्क मोठं आणि प्लीहा लहान, अशी. "सोउम म्हणजे कफप्रकृती" हे तुमचं अनुमान झालं, पेपरातली माहिती नव्हे.

## टप्पा ३: भाषांतर. यंत्रावर सोडू नका

सारांश आणि बऱ्याचदा तक्तेही इंग्रजीत असतात, पण उपचारांचा तपशील मूळ मजकुरात, कोरियनमध्ये असतो. यांत्रिक भाषांतर वापरायला हरकत नाही, मात्र कोरियन लिपीत वेगळ्या अर्थांचे शब्द एकसारखे लिहिले जातात आणि यंत्र तिथे चुकतं. 'चिम' म्हणजे सुई, आणि 'चिम' म्हणजे लाळही. 'हानबांग' म्हणजे कोरियन वैद्यक, पण तेच शब्द तोडून वाचले तर 'एक फटका'. 'ब्योनजुंग' म्हणजे लक्षणसमुच्चयावरून केलेलं निदान, आणि तोच शब्द तत्त्वज्ञानातल्या द्वंद्ववादालाही. एका मसुद्यात "रुग्णाचा द्वंद्ववाद: यकृतातील उष्णता" असं वाक्य जसंच्या तसं आलेलं मी पाहिलं आहे.

म्हणून वहीत नेहमी लागणारे पंधरा-वीस शब्द आधी लिहून ठेवा: सुई, मॉक्सा, कपिंग, काढा, गोळी, याकचिम म्हणजे बिंदूत टोचायचं औषधी द्रव्य, चुना म्हणजे हाताने केलेले सांध्यांचे उपचार, सुधारला, लक्षण गेलं, फरक नाही. अर्थ न लागलेलं वाक्य प्रबंधात घेऊ नका. शंका असेल तर पत्रव्यवहारासाठी दिलेल्या पत्त्यावर लेखकांना साध्या इंग्रजीत दोन ओळी लिहून विचारा.

## टप्पा ४: कालरेषा काढा. निष्कर्ष अजून वाचायचा नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आलेखाचा कागद आडवा धरा. खालच्या रेघेवर दिवस मांडा, आजार सुरू झाला तो शून्य. रुग्णालयात दाखल झाल्याचा दिवस पेपरात 'पहिला दिवस' असतो, तुमच्या कागदावर तो पाचवा किंवा तिसावा असू शकतो. प्रत्येक उपचाराला वेगळ्या रंगाची आडवी रेघ द्या: सुरू झाला तिथून थांबला तिथपर्यंत. मोजमापाचे आकडे वर टिंबांनी दाखवा.

वर्गात सरावासाठी मी पुढचा नमुना देते. रुग्ण काल्पनिक आहे, पण अशा नोंदी वारंवार भेटतात. ५२ वर्षांच्या बाई, उजव्या बाजूचा चेहरा अचानक लुळा पडला. दुसऱ्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टने स्टिरॉइड सुरू केलं. पाचव्या दिवशी कोरियन वैद्यकाच्या रुग्णालयात दाखल, हाउस-ब्रॅकमन श्रेणी चार (चेहऱ्याच्या लुळेपणाची मोजपट्टी: एक म्हणजे चेहरा पूर्ववत, सहा म्हणजे पूर्ण लुळा). अ‍ॅक्युपंक्चर दिवसातून दोनदा, याकचिम एकदा, काढा तीनदा, गरम शेक, चेहऱ्याचा मसाज. नवव्या दिवशी काढा बदलला. एकोणिसाव्या दिवशी घरी, श्रेणी दोन.

कालरेषा काढली की डोळ्यांपुढे येतं ते असं: सुईची रेघ सुरू होण्याआधी स्टिरॉइडची रेघ सुरू झालेली आहे. पाचव्या ते एकोणिसाव्या दिवसांत पाच उपचार एकावर एक पडले आहेत. सुधारणेचं टिंब काढा बदलल्यानंतरचं आहे, म्हणून ती त्या काढ्यामुळे झाली असं दिसतं, पण नवव्या दिवशी मोजमाप घेतलेलंच नाही. या नोंदीवरून एका कुठल्याही उपचाराला श्रेय देता येत नाही. पेपरचे लेखकही बहुधा ते देत नाहीत, "संयुक्त कोरियन वैद्यकीय उपचार उपयुक्त ठरू शकतात" असंच लिहितात. ते "संयुक्त" आणि "शकतात" प्रबंधात येईपर्यंत गळून पडतात.

आधुनिक औषधांचा रकाना मोठा ठेवायला सांगितला तो यासाठीच. कोरियात दोन्ही वैद्यकांचे परवाने वेगळे आहेत. कोरियन वैद्यकाचे डॉक्टर स्टिरॉइड किंवा प्रतिजैविक लिहून देत नाहीत, रुग्ण ती दुसऱ्या रुग्णालयातून घेत असतो. त्यामुळे ही औषधं उपचारांच्या तक्त्यात नसतात. ती 'पूर्वेतिहास' किंवा 'सध्याची औषधं' अशा एखाद्या ओळीत दडलेली असतात. ती ओळ सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

एमआरआय, सीटी यांच्या तारखाही बघा. बऱ्याचदा ती छायाचित्रं दुसरीकडे, दाखल होण्याआधी काढलेली असतात. 'उपचारापूर्वी' म्हणून छापलेला एमआरआय खरोखर उपचाराच्या आदल्या आठवड्यातला आहे की चार महिन्यांपूर्वीचा, याने बराच फरक पडतो.

तपासा. कालरेषेवर कुठे रिकामी जागा राहिली? घरी गेल्यावर पुढे काय झालं ते दिलं आहे का? नसेल तर "पाठपुरावा नोंदलेला नाही" असं तक्त्यात लिहा.

## टप्पा ५: मात्रा आणि सुया

"२ चोप, ३ पॅक, १२० सीसी" असं लिहिलेलं दिसेल. याचा अर्थ दोन चोप, म्हणजे काढ्याच्या दोन पुड्या एकत्र उकळून त्याचे तीन पाउच केले, प्रत्येकात १२० सीसी, आणि ते दिवसभरात घेतले. म्हणजे दिवसाला ३६० सीसी. पण द्रव्यांच्या तक्त्यातले ग्रॅम पुष्कळदा एका चोपचे असतात. एका चोपमध्ये एखादं द्रव्य ४ ग्रॅम असेल तर दिवसाला ८. तक्त्याच्या डोक्यावर किंवा खाली काय लिहिलं आहे ते वाचल्याशिवाय गुणाकार करू नका.

जुन्या पेपरांत ३.७५ किंवा ७.५ ग्रॅम असे आकडे दिसतील. एक 'दोन' म्हणजे ३.७५ ग्रॅम. हे तिथल्या वजनाचं नाव आहे, आपल्या दोन या आकड्याशी त्याचा संबंध नाही.

अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्ट्रिक्टाची यादी समोर ठेवा आणि सुईची जाडी-लांबी, बिंदू, खोली, किती वेळ ठेवली, किती वेळा दिली, विजेचा वापर केला का, हे भरा. बिंदूंची नावं कोरियन आणि चिनी उच्चारांत वेगळी येतात. जोकसाम्नी आणि झूसानली हा एकच बिंदू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले अक्षर-आकड्यांचे संकेत वापरले की गोंधळ होत नाही.

## टप्पा ६: काही न करता काय झालं असतं?

हा प्रश्न प्रत्येक विभागात वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो, म्हणून इथे थोडं थांबते.

बेल्स पाल्सीत उपचार न घेताही सुमारे ७० टक्के रुग्ण पूर्ण बरे होतात. म्हणून आजार सुरू होऊन किती दिवसांनी उपचार सुरू झाले हा आकडा अर्दिताच्या पेपरात सर्वांत महत्त्वाचा. सहा महिन्यांनंतर आलेल्या आणि मग सुधारलेल्या रुग्णाची नोंद पाचव्या दिवशी आलेल्या रुग्णापेक्षा कितीतरी अधिक विचार करायला लावते.

कमरेच्या डिस्कचा बाहेर आलेला भाग कालांतराने आपोआप आक्रसतो, हे एमआरआयवर अनेकदा दिसलं आहे. तेव्हा 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रं शेजारी छापलेली असली तरी तेवढ्यावरून डिस्क काढ्याने किंवा चुनाने विरघळली असं म्हणता येत नाही. पक्षाघातानंतरची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. रुग्ण कोणत्या महिन्यात दाखल झाला ते बघा.

रस्ते अपघातानंतरच्या मानदुखीचे कोरियन पेपर पुष्कळ मिळतील, कारण वाहन विम्यातून तिथे या उपचारांचा खर्च मिळतो. त्यातले कित्येक रुग्ण अपघातानंतर काही दिवसांतच दाखल झालेले असतात. अशी ताजी दुखणी पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांची ओसरतात.

स्त्रीरोगात मासिक पाळीच्या वेदनांचा अभ्यास एका चक्रावर थांबला असेल तर त्याला वजन नाही. किमान तीन चक्रं हवीत. बालरोगात अंथरुणात लघवी होण्याची तक्रार दरवर्षी साधारण १५ टक्के मुलांची आपोआप जाते. अ‍ॅटोपिक त्वचारोग चढतो-उतरतो, आणि रुग्ण येतो तो चढलेला असताना, त्यामुळे पुढचा आकडा कमीच असण्याची शक्यता जास्त.

मनोविकार विभागात ह्वाब्योंग भेटेल. दाबून ठेवलेल्या रागातून येणारी, छातीत दाटल्यासारखं आणि आग झाल्यासारखं वाटणारी ही व्याधी कोरियन समाजात ओळखीची आहे. तिला सरळ 'डिप्रेशन' म्हणून भाषांतरित करू नका, मूळ नाव ठेवा आणि लक्षणं लिहा. अशा रुग्णाशी रोज कोणीतरी अर्धा तास बोलत होतं का, हेही शोधा. तोही उपचारच आहे.

सावधान. "उत्कृष्ट, चांगला, बरा, फरक नाही" अशा चार गटांतले पहिले तीन एकत्र करून "परिणामकारकता ९० टक्के" असा आकडा काही मालिकांत दिलेला असतो. तो उचलू नका. प्रत्येक गटातले रुग्ण वेगळे लिहा.

## टप्पा ७: दुष्परिणाम

"दुष्परिणाम आढळले नाहीत" एवढ्यावर समाधान मानू नका. ते कसे शोधले ते बघा. काढा दिला असेल तर दाखल होताना आणि घरी जाताना यकृताच्या तपासण्या केल्या का? मधमाशीच्या विषाचं याकचिम दिलं असेल तर आधी त्वचेवर चाचणी घेतली का? अ‍ॅनाफिलॅक्सिसचा (अचानक येणाऱ्या जीवघेण्या अ‍ॅलर्जीचा) धोका असल्याने ही नोंद हवीच. वजन कमी करण्याच्या पेपरांत माह्वांग म्हणजे इफेड्रा किती ग्रॅम आहे, आणि धडधड, निद्रानाश, रक्तदाब यांबद्दल काय लिहिलं आहे, हे बघा.

सुरुवातीला लक्षणं वाढली तर त्या वाढीला 'म्योंगह्योन' म्हणण्याची, म्हणजे बरं होण्याच्या वाटेवरची प्रतिक्रिया मानण्याची पद्धत आहे. तक्त्यात मात्र घडलं ते लिहा: "तिसऱ्या दिवशी पुरळ वाढला". त्याचा अर्थ लेखकांनी काय लावला ते पुढच्या रकान्यात.

एखाद्या औषधाचा दुष्परिणाम हाच केस रिपोर्टचा विषय असेल तर नारांजो मोजपट्टीचा आकडा शोधा. त्रास त्या औषधामुळेच झाला असण्याची शक्यता ती मोजते. ९ किंवा अधिक म्हणजे निश्चित, ५ ते ८ म्हणजे बहुधा, १ ते ४ म्हणजे शक्य.

## टप्पा ८: तोच रुग्ण पुन्हा तर नाही?

एकाच रुग्णालयाच्या केसपेपरांवरून वेगवेगळे पेपर निघतात. रुग्णालय, दाखल होण्याचा काळ, वय आणि निदान जुळत असेल तर तो रुग्ण दोनदा मोजला जाण्याची भीती आहे. सगळे पेपर झाल्यावर तक्ता रुग्णालयानुसार लावून घ्या, जुळे लगेच दिसतात.

संस्थेने स्वतः तयार केलेल्या याकचिमचा अभ्यास त्याच संस्थेने केला असेल तर ते प्रबंधात नोंदवा. आरोप म्हणून नव्हे, वाचणाऱ्याला ठाऊक असावं म्हणून. रुग्णाची संमती आणि नैतिकता समितीची परवानगी यांचा उल्लेखही इथेच बघा. छायाचित्रात चेहरा ओळखू येत असेल तर ते छायाचित्र तुमच्या सादरीकरणात वापरू नका.

## टप्पा ९: आता निष्कर्ष वाचा, आणि वाक्य लिहा

सगळा तक्ता भरल्यावरच लेखकांचा निष्कर्ष वाचा. तुमच्या कालरेषेशी तो जुळतो का बघा. मग प्रबंधातलं वाक्य लिहा. त्यात रुग्ण किती, कधी आले, काय काय दिलं, कशाने मोजलं आणि काय ठरवता येत नाही, एवढं हवं. "सिद्ध झाले", "बरा होतो", "प्रभावी आहे" हे शब्द केस रिपोर्टच्या बाबतीत वापरायचे नाहीत.

निदान लिहिताना आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतला संकेत दिला तर उत्तम. तिच्यात पारंपरिक वैद्यकाचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा पहिला भाग चीन, जपान, कोरियातल्या परंपरेचा आहे आणि २०२५मध्ये आयुर्वेद, सिद्ध, युनानीसाठी दुसरा भाग जोडला गेला. दोन्हींतले संकेत एकमेकांच्या जागी टाकू नका.

वरच्या सरावाच्या रुग्णाबद्दल माझ्या विद्यार्थिनीने तिसऱ्या प्रयत्नात लिहिलेलं वाक्य असं होतं: "बेल्स पाल्सीच्या एका रुग्णेत, आजाराच्या दुसऱ्या दिवशी स्टिरॉइड आणि पाचव्या दिवसापासून अ‍ॅक्युपंक्चर, याकचिम, काढा, शेक व मसाज एकत्र दिल्यावर एकोणिसाव्या दिवशी हाउस-ब्रॅकमन श्रेणी चारवरून दोनवर आली, नैसर्गिक सुधारणा आणि प्रत्येक उपचाराचा वाटा या नोंदीवरून वेगळा करता येत नाही, आणि त्यानंतरचा पाठपुरावा दिलेला नाही."